छातीचं हाड जुळेपर्यंत

पडदेवालीची उंची जेमतेम चार फूट दहा इंच, आणि धंदा मात्र सगळा छताजवळचा. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, पडदे शिवायचे आणि स्वतः जाऊन लावून द्यायचे, हे काम तिने चाळीस वर्षं केलं. गिऱ्हाइकं विचारायची, "बाई, तुम्ही एवढ्याशा, मग रॉडपर्यंत पोचता कशा?" त्यावर ती नवऱ्याकडे बोट दाखवायची.

नवरा लिफ्टचा मिस्त्री. बोलण्यात कंजूष, हाताने मात्र पहाड. सुट्टीच्या दिवशी तो तिच्या मदतीला जायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच कामाला गिऱ्हाईक शेजारून शिडी मागवायला निघालं, तेव्हा हा म्हणाला, "शिडी कशाला? मी आहे ना." आणि मागून येऊन, तिच्या छातीभोवती दोन्ही हात आवळून, त्याने तिला पिशवी उचलावी तसं सरळ वर उचललं. लाजेने तिचे कान तापले. निम्मे हूक तिने उलटे अडकवले. घरी आल्यावर तिने त्याला फैलावर घेतलं. "चारचौघांत काही रीत असते की नाही?"

"पडदा लागला ना?" तो म्हणाला.

पुढे तीच सवय पडली. घरात वरच्या फळीवरचा डबा काढायचा असो, बल्ब बदलायचा असो, मागून येऊन तो तिला उचलायचा. कधी कधी काही काढायचं नसतानाही. "अहो, सोडा, दूध उतू जाईल," असं ती म्हणायची, आणि दूध खरंच उतू जायचं. गोड बोलणं त्याला आयुष्यात जमलं नाही. जे काही होतं ते त्या दोन हातांत होतं.

कामावरून निवृत्त झाला आणि दोनच वर्षांत तो विसरायला लागला. आधी हत्यारांची नावं गेली, मग रस्ते गेले, मग जावयाचा चेहरा गेला. तीच गोष्ट तासाभरात सात वेळा विचारायचा. तिने कधी तोंड वाजवलं नाही. ती मशीनवर बसली की तो शेजारी स्टुलावर बसायचा, आणि ती त्याच्यापुढे हुकांचा ढीग ओतायची. पोलादी हूक एका डब्यात, प्लास्टिकचे दुसऱ्यात. दिवसभर तो मान खाली घालून निवडत बसायचा. संध्याकाळी तो आंघोळीला गेला की ती दोन्ही डबे पुन्हा एकत्र करून टाकायची. उद्याला काम नको का?

अशात तिलाच दम लागायला लागला. स्वतःच्या घराच्या अकरा पायऱ्या चढताना तीनदा थांबावं लागायचं. तपासणीत निघालं की हृदयाची झडप कामातून गेलीय, छाती उघडून बदलावी लागेल. तिने आठ महिने चालढकल केली. "मला कापून पलंगावर ठेवल्यावर ह्यांच्याकडे कोण बघणार?" शेवटी लेकीने, जी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, सहा आठवड्यांची रजा टाकली आणि बॅग घेऊन माहेरी आली. "आता मुकाट्याने चल," ती म्हणाली. "तू गेलीस तर बाबांकडे कोण बघणार, हा हिशेब केलायस का?" पडदेवालीने ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

ऑपरेशन सुरळीत झालं. सर्जनने समजावून सांगितलं, की छातीचं मधलं हाड उभं कापलंय आणि पोलादी तारांनी पुन्हा बांधलंय. ते जुळायला दहा आठवडे. तोवर दोन किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही, ढकलायचं नाही, ओढायचं नाही, दोन्ही हात डोक्यावर न्यायचे नाहीत. खोकला आला, शिंक आली, तर उशी छातीशी गच्च धरायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आरशात स्वतःची शिवण न्याहाळली.

"टाके एकसारखे आहेत," ती म्हणाली. "खाली शेवटाला तेवढी ओढ आलीय."

"पुढच्या वेळी तुम्हालाच बोलावून घेतो," सर्जन हसला. तिलाही हसू आलं, आणि हसताना छातीत अशी कळ उठली की पुढचे चार दिवस तिने विनोद केला नाही.

दुखणं कसलं म्हणावं ते! बसल्या जागी हाड मुकं असायचं. पण कुशीवर वळायला जावं, तर दोन फळ्या एकमेकींवर घासल्यासारखं आत काहीतरी सरकायचं. उठताना हातांवर भार द्यायचा नाही, म्हणून लेक पाठीखाली हात घालून तिला बसती करायची. शिंकेची तर तिला दहशत बसली होती. नाक हुळहुळलं की ती आधी उशी शोधायची.

पण खरी परीक्षा सकाळी असायची. नवरा जागा व्हायचा, तिच्या गळ्याखालची पट्टी त्याला दिसायची आणि त्याच्या चेहऱ्याचा रंगच उतरायचा. "अगं, हे काय झालं?" रोज नव्याने. रोज ती सांगायची, रोज तो ऐकून लहान पोरासारखा रडायचा, आणि दहा मिनिटांनी विसरून चहा मागायचा. लेकीने मोठ्या अक्षरांत कागद लिहून कपाटावर डकवला : *आईचं छातीचं ऑपरेशन झालंय. तिला उचलायचं नाही.* त्याने तो मन लावून वाचला आणि गंभीरपणे विचारलं, "कुणाची आई?"

लेक सावलीसारखी दोघांच्या मध्ये असायची. तो उठला की ती उठायची. तीन आठवडे तिने डोळ्यांत तेल घालून काढले.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी, दुपारी, गोळ्या संपल्या म्हणून लेक खाली औषधाच्या दुकानात गेली. पाच मिनिटांचं काम. बाबा आत झोपलेले. पडदेवाली बाहेरच्या खोलीत खुर्चीवर होती, आणि तिची नजर समोरच्या खिडकीवर गेली. पडद्याचे टोकाचे दोन हूक निसटले होते आणि कोपरा लुळा लोंबत होता. कुणाच्याही घरातला लोंबता पडदा तिला सहन व्हायचा नाही, मग स्वतःच्या घरातला कसा व्हावा? हात लावायचा नाही हे तिला माहीत होतं. ती फक्त उठली आणि खिडकीपाशी जाऊन मान वर करून बघत राहिली. चूक झाली ती एवढीच.

मागून पावलं वाजली. "शिडी कशाला?" नवरा म्हणाला.

ती वळेपर्यंत त्याचे हात तिच्या छातीभोवती आवळले होते आणि तिचे पाय जमिनीवरून सुटले होते.

आवाज झाला. जाड अस्तरात सुई मोडते तसा, पण तिच्या आतून. डोळ्यांपुढे पांढरं झालं. किंकाळी अगदी ओठांवर आली होती, पण एवढ्या वर्षांच्या संसाराने तिला एक गोष्ट कळत होती. आपण ओरडलो तर हा दचकेल, आणि दचकला तर आपल्याला टाकेल. म्हणून तिने श्वास कोंडला. हात वर नेले. पहिला हूक अडकवला. दुसरा अडकवला. मग कुठून आणला कोण जाणे, पण रोजचा आवाज काढून ती म्हणाली, "झालं. ठेवा खाली."

त्याने तिला अलगद खाली ठेवलं. काचेचं भांडं ठेवावं तसं.

"लागला ना पडदा?" त्याने विचारलं. कितीतरी महिन्यांत त्याचा चेहरा एवढा खुलला नव्हता.

"लागला," ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून हळूहळू फरशीवर बसली. लेक परत आली तेव्हा आई घामाने निथळत होती, आणि बाबा शेजारी बसून तिला पेपराने वारा घालत होते.

स्कॅनमध्ये दिसलं की वरची एक तार हाडात रुतून सैल झालीय आणि हाडाचा वरचा भाग सरकलाय. सर्जन ह्या वेळी हसला नाही. "लगेच पुन्हा उघडत नाही," तो म्हणाला. "पट्टा बांधू. आजपासून दहा आठवडे, पहिल्यापासून सुरुवात. पण पुन्हा असं काही झालं, तर हाड सुटेल. आत जंतू शिरले तर मग माझ्याही हातात काही राहणार नाही. हे झालं कसं? कोणी उचललं तुम्हाला?"

पडदेवाली छताकडे बघत राहिली. लेकीने सांगितलं.

घरी आल्यावर लेकीने आपली रजा वाढवून घेतली आणि मग विषय काढला. शहराबाहेर एक घर होतं, विसरणाऱ्या म्हाताऱ्यांना सांभाळणारं. स्वच्छ, दोन मजली, मागे बाग. तिने आधीच चौकशी केली होती. "दहाच आठवडे, आई. हाड जुळेपर्यंत. मग आणू परत."

"ते काय सामान आहे, ठेवायला आणि आणायला?"

"मग तू सांग दुसरा मार्ग."

दुसरा मार्ग म्हणून पडदेवालीने मधल्या दाराला लेकीकडून बाहेरून कुलूप लावून घेऊन झोपायचं ठरवलं. दोन दिवस तसं केलं. तो दाराबाहेर उभा राहायचा. आधी बोटाच्या पेराने टकटक करायचा, मग तळहाताने. "अगं, दार उघड ना. अगं, माझं काय चुकलं?" आत ती पलंगावर उताणी, छातीशी उशी. उठून दार उघडायचं तर लेकीला हाक मारायला हवी, आणि लेक बाहेर त्याला समजावत असायची. "अगं, मी पुन्हा नाही करणार," तो म्हणायचा. काय केलं होतं तेच त्याला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती लेकीला म्हणाली, "कर फोन त्यांना."

त्याला सांगण्याचं काम तिने स्वतःकडे घेतलं. खुर्चीवर ताठ बसून ती म्हणाली, "अहो, शहराबाहेर एक दोन मजली इमारत आहे. तिथली लिफ्ट बंद पडलीय. कुणाच्या हाताला येईना. तुम्हालाच बोलावलंय."

मिस्त्री खुर्चीतून उठलाच. त्याने स्वतः हत्यारांची पिशवी शोधून काढली. धारदार होतं ते लेकीने आधीच काढून ठेवलं होतं, पाने आणि टेस्टर तेवढे राहिले होते. त्याने भांग पाडला. "किती दिवसांचं काम?"

"थोड्याच दिवसांचं."

"वेळेवर जेवत जा," तो म्हणाला, आणि कामावर निघालेल्या माणसाच्या घाईने, मागे न बघता, अकरा पायऱ्या उतरून गेला. जन्मात ती त्याच्याशी एवढं मोठं खोटं कधी बोलली नव्हती, आणि तिच्या कुठल्याच खऱ्या बोलण्यावर तो कधी एवढा खूश झाला नव्हता.

ते घर दीड तासाच्या रस्त्यावर. रस्ता खड्ड्यांचा, म्हणून सर्जनने तिला गाडीत बसायची सक्त मनाई केली होती. तिथली सिस्टरही म्हणाली, "थोडे दिवस रुळू द्या त्यांना. रोज पाचला फोन लावून देते मी."

पाच वाजले की पडदेवाली फोन मांडीवर घेऊन बसायची.

"अगं, मोटर चांगली आहे," तो पहिल्या आठवड्यात सांगायचा. "दोराचा आवाज येतोय. ही माणसं मला वरच्या खोलीची किल्ली देत नाहीत."

"देतील. घाई करू नका."

"तू जेवलीस?"

"जेवले."

"दोन दिवसांत येतो."

दुसऱ्या आठवड्यात तो लिफ्टबद्दल कमी बोलायला लागला आणि जेवणाबद्दल जास्त. तिसऱ्या आठवड्यात एकदा म्हणाला, "कोण बोलतंय?" ती म्हणाली, "मी." बराच वेळ गेला. मग, "हां, अगं, बोल की." तिच्या जिवात जीव आला. कॅलेंडरवर ती रोज एक चौकोन खोडत होती. हाडाला मनातल्या मनात म्हणायची, लवकर जुळ रे बाबा, माझ्यासाठी नको, त्या माणसासाठी जुळ.

चौथ्या आठवड्यात फोन थांबले. लेक सांगायची, "झोपलेत." दुसऱ्या दिवशी, "जेवायला बसलेत." मग, "तिथला फोन बिघडलाय." असे आठ दिवस गेले. पडदेवाली आजारी होती, खुळी नव्हती. लेक भाजी आणायला गेल्यावर तिने स्वतः नंबर फिरवला.

"अहो, ते कालच परत आले दवाखान्यातून," सिस्टर म्हणाली. "ताप अन् न्यूमोनिया. आठ दिवस होते वॉर्डात. तुम्हाला घरच्यांनी नाही सांगितलं?"

लेक आली. पिशवी खाली ठेवायच्या आतच आईचा चेहरा बघून ती समजली. "आई, तू उठून धावली असतीस," ती म्हणाली. "तुझं हाड पुन्हा सुटलं असतं. मी जात होते ना रोज? तू झोपलीस की जायचे."

"त्यांनी मला हाक मारली असेल गं."

लेक पिशवीतली भाजी काढायला लागली.

"मारली का?"

"आई, नको ना."

"खरं सांग. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

लेक ओट्याला टेकून उभी राहिली. "तीन दिवस," ती म्हणाली. "तीन दिवस नुसतं 'अगं, अगं' करत होते. डोळे मिटलेले. मी हात धरला की झटकायचे. चौथ्या दिवसापासून बंद झालं."

पडदेवालीने उशी छातीशी धरली. खोकताना हाड सुटू नये म्हणून धरायची असते तशीच, दोन्ही हातांनी, गच्च. सर्जनने खोकल्याचं सांगितलं होतं, शिंकेचं सांगितलं होतं. रडण्याचं कुणी काही सांगितलं नव्हतं.

दहा आठवडे पुरे झाले. नवा स्कॅन आला. सर्जनने बोटांनी हाड दाबून पाहिलं, तिला खोकायला लावलं आणि समाधानाने मान हलवली. "जुळलं. आता पट्टा काढा."

"मग अजून दुखतं ते कशाने?" तिने विचारलं.

"हाड नाही दुखत, आजूबाजूच्या बरगड्या आणि नसा दुखतात. काहींचं महिनोन्महिने राहतं. थंडीत, शिंकताना, कुशीवर झोपताना. पण ते दुखणं धोक्याचं नाही, घाबरू नका."

ती घाबरली नव्हतीच. त्याच दुपारी लेकीला घेऊन ती तिकडे गेली. हातात हुकांचे दोन डबे, आणि बॅगेत त्याचा घरी यायच्या दिवसासाठी इस्त्री केलेला शर्ट.

तो हॉलमध्ये खिडकीजवळ बसला होता. निम्मा झाला होता. भांग कुणीतरी उलट्या बाजूला पाडला होता. तिला पाहून तो खुर्चीच्या हातांवर भार देऊन कष्टाने उभा राहिला. ती जवळ गेली.

"या बाई," तो म्हणाला. "बसा ना. तुम्हाला कोणाला भेटायचंय?"

चाळीस वर्षं तो तिला अगं म्हणत होता. रागात अगं, लाडात अगं, तापात अगं. त्याच्या तोंडून 'तुम्ही' तिने कधी ऐकलंच नव्हतं. मान दिल्याने माणूस मोडून पडतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

"अहो, मी आहे," ती म्हणाली.

त्याने मागे वळून पाहिलं, ही कोणाशी बोलतेय म्हणून.

तिने डबे पुढे केले, हूक टेबलावर ओतले. त्याने ते कौतुकाने पाहिले, एक उचलला, उजेडात धरला आणि सगळे ओंजळीने भरून पुन्हा डब्यात टाकले. "तुमचं सामान आहे हे, बाई. इकडेतिकडे हरवेल," तो म्हणाला आणि झाकण लावून दिलं. उठताना तिचा हात नकळत छातीवर गेला. त्याने ते पाहिलं.

"दुखतंय का?"

"ऑपरेशन झालंय छातीचं."

"अरेरे," तो म्हणाला. अगदी मनापासून. रस्त्यातल्या अनोळखी माणसाबद्दल वाटावं तेवढं मनापासून.

त्यानंतर ती दर दोन दिवसांनी जायला लागली. आणि गंमत अशी, की जी गोष्ट रोज सकाळी सांगूनही त्याच्या डोक्यात राहत नव्हती, तीच आता पक्की बसली. सिस्टरला तो सांगायचा, "त्या छातीचं ऑपरेशन झालेल्या बाई आल्यात, त्यांना खुर्ची द्या." त्याच्या जगात तिची तेवढीच ओळख उरली होती.

तरी तिने आशा सोडली नाही. ती लेकीला म्हणाली, "परक्या जागेत असं होतं. घरी आणू. घरात पाय ठेवला की सगळं आठवेल." लेकीने जावयाला गाडी घेऊन बोलावलं आणि एका रविवारी बाबांना आणलं. आदल्या संध्याकाळी पडदेवालीने एक गोष्ट केली, लेकीलाही न सांगता. काठीने ढोसून ढोसून तिने बाहेरच्या खोलीतल्या पडद्याचे टोकाचे दोन हूक निसटवले.

तो आला. बुटांसकट दारात उभा राहिला. "छान आहे घर तुमचं," म्हणाला. पाणी दिलं तर दोन्ही हातांनी घेतलं. स्टुलाकडे, मशीनकडे त्याने नजर फिरवली आणि ती नजर कुठेच थांबली नाही. मग पडदेवाली उठली आणि खिडकीपाशी जाऊन लोंबत्या कोपऱ्याखाली त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. हाड जुळलं होतं, पण आठ दिवसांपूर्वीची शिंक अजून बरगड्यांत ठसठसत होती. ह्या हातांनी आवळलं तर काय होईल, हे तिला पुरतं माहीत होतं. ती मान वर करून उभी राहिली.

मागे खुर्ची सरकली. पावलं वाजली. तिने डोळे मिटले.

पावलं तिच्या शेजारी येऊन थांबली. "पडदा सुटलाय तुमचा," तो म्हणाला. "शिडी आहे का घरात? तुम्ही चढू नका हं, बाई. तुमचं ऑपरेशन झालंय ना."

लेकीने तोंडावर पदर धरला आणि ती आतल्या खोलीत पळाली.

पडदेवाली तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "राहू दे. उद्या लावते."

तासाभरात तो कासावीस झाला. दाराशी जाऊन उभा राहायला लागला. "मला माझ्या खोलीवर सोडा. अंधार व्हायच्या आत जायला हवं, ती सिस्टर ओरडते." त्याला त्याच संध्याकाळी परत न्यावं लागलं. गाडीत तो पुढे बसला आणि वाटेत शांत झोपला.

परतताना मागच्या सीटवर मायलेकी दोघीच होत्या. लेक एकदम म्हणाली, "आई, मी तुला सांगितलं असतं, तू तिथे गेली असतीस, तर त्यांची हाक थांबली नसती ना?"

"काय माहीत."

"तुझा राग आहे का माझ्यावर?"

पडदेवालीचं खोटं एकदा बोलून झालं होतं, पुन्हा बोलायचं नव्हतं. "आहे," ती म्हणाली. "पण तू नसतीस तर मी आज ह्या गाडीत नसते, तेही खरं आहे. दोन्ही खरं आहे. मला नाही जुळवता येत ते, बाळा. तूही जुळवत बसू नकोस." मग तिने लेकीचा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला, आणि घर येईपर्यंत तो तिथेच राहिला.

थंडी आली तशी छातीची कळ वाढली. सर्जनने लिहून दिलेल्या गोळ्यांची पट्टी डब्यात अर्धी पडून होती. लेक रागावली की ती म्हणायची, "सोसतंय मला. राहू दे." तिने पुन्हा मशीनवर बसायला सुरुवात केली, आधी अर्धा तास, मग एक. लावायला आता एक माणूस जातो, त्याच्याकडे स्वतःची शिडी आहे. मापं घेऊन तो कागद आणून देतो आणि ती घरात बसून शिवते.

सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी ती बसने त्या घरी जाते. नेते ते फारसं काही नसतं. कधी मोजे, कधी दोन संत्री. सिस्टर सांगते, की ती समोर बसली की तो दोन घास जास्त खातो, का ते देव जाणे. ती त्याच्यासाठी संत्रं सोलते, एकेका फोडीची पांढरी साल काढून बशीत मांडते. तो प्रत्येक फोड घेताना "थॅंक्यू बाई" म्हणतो, आणि ती प्रत्येक वेळी म्हणते, "खा हो, तुमच्यासाठीच आणलंय."